दार लावून बघायचे होते, साहेब

साहेब, तुम्ही खोटे बोलला नाहीत. तुम्ही वर्कशॉप तपासायला आलात, मला चालू करायला लावलेत, खिशातला रुमाल काढून माझ्या जाळीवर धरलात. रुमाल जाळीला घट्ट चिकटला. "पंखा उत्तम आहे," असे म्हणून तुम्ही निघून गेलात. पंखा उत्तमच होता. तरी त्या पंख्यासमोर उभा राहून राबणारा माणूस एकेका श्वासाला महाग होऊन गेला. तुम्ही खरे बोलून एक माणूस मारलात आणि त्या खऱ्याचा पुरावा म्हणून मला वापरलेत. माझा आरोप तुमच्यावर आहे. तुमचे नाव मी घेत नाही, कारण नाव घेतले की तुमच्यासारखे बाकीचे सगळे हायसे वाटून घेतील.

आता थोडा वेळ तुम्ही थांबा. आधी मुलांशी बोलतो. मुलांना सुरुवातीपासून सांगितले की समजते. मोठ्यांना कुठूनही सांगा, त्यांना सोयीचे तेवढेच समजते.

मित्रांनो, मी एक जुना एक्झॉस्ट पंखा आहे. खोलीतली वाईट हवा ओढून बाहेर फेकणारा. सध्या एका वर्कशॉपच्या मागे भंगारात पडलो आहे. एका बाजूला भट्टीचे मोडके दार, दुसऱ्या बाजूला बूड गंजलेले पिंप आणि अंगावर अर्धी ताडपत्री. माझ्या पात्यांवर काळा, टणक थर बसला आहे. तो नखाने निघत नाही, चाकूनेही निघत नाही. मला त्या थराविषयीच बोलायचे आहे.

माझा जन्म पंख्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्यातून पाती कापली, दाबून वाकवली आणि मधल्या तुंब्यावर रिव्हेट मारून बसवली. मग मला एका म्हाताऱ्या कारागिराच्या पुढ्यात ठेवले. पाती तोलायचे काम त्याचे. तो मला बोटाने फिरवायचा, कुठले पाते खाली येऊन थांबते ते बघायचा आणि समोरच्या पात्याच्या पाठीवर चिमूटभर वजन चिकटवायचा. असे करता करता मी कुठेही थांबू लागलो. तेव्हा तो समाधानाने म्हणाला, "हा बडबड करणार नाही. गपचूप राबेल." बघा, त्या बिचाऱ्याची केवढी फसगत झाली! आज मी बडबडच करतो आहे.

शेवटी माझ्या अंगावर एक लाल बाण काढला. हवा इकडून आत, तिकडून बाहेर. माझे सगळे शिक्षण एवढेच. पण जगात पुष्कळ लोकांचे एवढेही झालेले नसते, हे मला पुढे कळले.

मला एका वर्कशॉपमध्ये आणले. तिथे मोटारींच्या सुपरचार्जरच्या भागांवर सिरॅमिकचा थर देत असत. हे काय प्रकरण, ते आधी सांगतो. पळताना तुम्हाला दम लागला की तुम्ही तोंड उघडून जास्त हवा घेता. इंजिनालाही जोरात पळायचे असले की जास्त हवा लागते. ती हवा कोंबून भरणारे यंत्र म्हणजे सुपरचार्जर. त्याच्या कवचात दोन रोटर असतात. ओला टॉवेल पिळला की त्याला जसे वळ पडतात, तसे त्यांचे अंग असते. एकाच्या वळात दुसऱ्याचा वळ शिरतो आणि दोघे गरागरा फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. मधली फट केसाएवढी. ती रुंद झाली तर हवा मागे निसटते आणि बुजली तर रोटर एकमेकांना ओरबाडतात. त्यात सगळे भलतेच तापते. म्हणून त्यांच्यावर सिरॅमिकचा पातळ थर देतात. सिरॅमिक म्हणजे कपबशीच्या चिनीमातीची चुलत बहीण. स्वभावाने कडक. तापवा, घासा, ती जागची हलत नाही.

ही चुलत बहीण पातळ केलेल्या रूपात डब्यात यायची. गनमधून तिचा फवारा उडाला की तिचे बारीक तुषार आणि तो डोक्यात जाणारा वास खोलीभर पसरायचा. त्या खोलीला बूथ म्हणत. बूथच्या एका भिंतीत मला बसवले. समोरच्या भिंतीत, दाराच्या वरच्या अंगाला, फिल्टरचे जाड पांढरे कापड ताणून लावले. मी ओढले की बाहेरची हवा त्या कापडातून गाळून आत यायची, काम करणाऱ्याच्या पाठीवरून पुढे सरकायची, रोटरवरून जायची आणि सगळे तुषार गोळा करून माझ्या तोंडात शिरायची. मी ते वर धुराड्यात फेकायचो. माणसाच्या नाकापर्यंत काही पोचायचेच नाही. सोपे आहे की नाही? तुम्हाला समजले. साहेबांनाही समजले असते.

बूथमध्ये जो माणूस उभा राहायचा, त्याला सगळे मलईराव म्हणत. त्याचा थर मलईसारखा बसायचा म्हणून. रोटरला थर देणे म्हणजे भिंतीला रंग फासणे नव्हे. वळांच्या खोलगट भागात फवारा पोचत नाही आणि कडांवर मात्र जास्त साचतो. मलईराव आधी खोबणीत शिरायचा, मनगट वळवत वळवत, आणि कडांना शेवटी नुसता वारा लावायचा. रोटर आकड्याला टांगलेला, डाव्या हाताने तो हळूहळू फिरवायचा, उजव्या हातात गन. त्या वेळी तो कुणाशी बोलत नसे. बोलला तर एवढेच, रोटरला: "फीर बाबा, लाजू नकोस."

शेजारच्या खोलीत थर देण्याआधीचे काम चाले. धुतलेल्या, भाजलेल्या रोटरवर खरखरीत पुडीचा झोत मारून त्याचे अंग खडबडीत करायचे, म्हणजे थर धरतो. ते काम करणारा माणूस संध्याकाळी भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा होऊन बाहेर यायचा. म्हणून त्याचे नाव भूत.

आणि बूथच्या खिडकीला लागून एक टेबल होते. तिथे मलईरावची बायको बसायची. तिला सगळे वहिनी म्हणत, मीही म्हणतो. बेअरिंग जिथे बसते तिथे थर नको असतो. तेवढ्या जागेवर वहिनी हिरवी टेप गुंडाळायची, भोकांत रबरी बुचे बसवायची. या झाकाझाकीला मास्किंग म्हणतात. टेपची कड अशी सरळ कापायची की थर दिल्यावर रेघ आखल्यासारखी दिसे. थर पक्का व्हायला भट्टीत भाजलेली जोडी निवली की शेवटची परीक्षाही तिचीच. वर्कशॉपमध्ये एक जुने कवच होते. त्यात दोन्ही रोटर बसवायचे, कवचाला कान लावायचा आणि हाताने फिरवायचे. चांगली जोडी नुसती सुस्कारा टाकल्यासारखी फिरे. थरात एक कण जरी अडकलेला असला, तरी 'खट्ट' असा आवाज येई.

"काय म्हणतीये जोडी?" मलईराव खिडकीतून विचारायचा.

"संसार चाललाय सुरळीत," वहिनी म्हणायची. "आपल्यासारखा नाही, खटखट न करता."

"आपल्यात खटखट कोण करतं? मी तर शिवतपण नाही."

"शेजारी लोकं आहेत, जरा जिभेला मास्किंग करा!"

पलीकडून भूत ओरडायचा, "वहिनी, बुचं उरली असली तर माझ्या कानांत घाला!"

असे दिवस होते, मित्रांनो. मी दिवसभर फिरायचो. बाहेरून ताजी हवा यायची आणि त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तशी जायची. माझे कौतुक कुणी केले नाही. पंख्याचे कौतुक कोण करतो? पण मलईराव खोलीत शिरला की सगळ्यात आधी माझे बटण दाबायचा. ते बटण दाराशेजारी, कोपराच्या उंचीवर होते. हातात रंगाचे मोजे असायचे, म्हणून तो कोपराने दाबायचा. टक. मी सुरू व्हायचो. त्या 'टक'ला मी नमस्कार समजायचो.

मग फिल्टर भरला. फिल्टरचा तो धर्मच आहे. तो घाण अडवतो आणि अडवता अडवता स्वतः बुजतो. मग तो बदलायचा असतो. वहिनीने मालकांना सांगितले. मालक म्हणाले, "कापडच ना? झटका, होईल नवं." झटकले. पुन्हा भरले. मग काठीने बडवले. पुन्हा भरले. मग मालक म्हणाले, "आणू, आणू." या 'आणू'वर कितीतरी कारखाने चालतात, माणसे मात्र चालत नाहीत.

कापड बुजले, पण मी तर ओढतच होतो. मला समोरून हवा मिळेना, तेव्हा ती मिळेल तिथून येऊ लागली. दाराच्या खालच्या फटीतून. आणि त्या फटीपलीकडे काय होते? भुताची खोली. तिथली खरखरीत पूड हवेबरोबर आत येऊ लागली आणि रोटरच्या ओल्या थरावर बसू लागली. भट्टीतून निघालेल्या रोटरवर बारीक पुटकुळ्या दिसू लागल्या. वहिनी कवचाला कान लावायची आणि तिचा चेहरा पडायचा. खट्ट. पुढची जोडी. खट्ट. अख्खी खेप गिऱ्हाइकाकडून परत आली.

मालक बूथमध्ये आले. त्यांनी रोटरकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, छताकडे पाहिले. फिल्टर त्यांच्या डोक्यावरच होता, तो सोडून सगळीकडे पाहिले. मग माझ्याकडे बोट केले.

"हाच कचरा उडवतोय. बंद कर रे ह्याला. बंद करून मार बघू एक."

मलईरावने कोपराने बटण बंद केले. टक. मग त्याने बंद हवेत एक रोटर मारला. तो रोटर भट्टीतून काचेसारखा निघाला. निघणारच. हवा हललीच नाही तर पूड येणार कुठून? पण मित्रांनो, हवा हलली नाही तर तुषार जाणार कुठे? हे त्या खोलीत कुणी विचारले नाही. मालकांनी मलईरावच्या पाठीवर थाप मारली.

"वा! पंखा बंद, माल चोख. इतके दिवस डोकं कुठं ठेवलं होतंस?"

मलईराव हसला. त्याला ती थाप आवडली, हे मी लपवणार नाही. परत आलेल्या खेपेने त्याचे नाव खराब केले होते. लोक त्याला गमतीने 'रवाराव' म्हणायला लागले होते आणि ते त्याला लागले होते. ज्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट लोकांपेक्षा चांगली येते, तो ती वाचवण्यासाठी काहीही पणाला लावतो. त्याने फुप्फुसे लावली.

त्या दिवसापासून रीतच पडली. गन उचलायच्या आधी कोपर, टक, पंखा बंद. फवारा मारून झाला, थर वाळला की पुन्हा कोपर, टक, पंखा चालू. म्हणजे माणूस आत असताना मी गप्प आणि माणूस बाहेर गेल्यावर मी रिकामी खोली धुवायचो. त्याच्याकडे रबरी मुखवटा होता, पण त्याच्या हवा गाळणाऱ्या डब्याही फिल्टरच्याच नशिबाच्या. बुजून गेलेल्या. तो घातला की श्वासच मिळेना, आणि डोळ्यांवर वाफ धरून थराची ओली कड दिसेना. मग तोंडाला रुमाल. संध्याकाळी तो रुमाल काळा व्हायचा. मलईराव तो झटकून पुन्हा खिशात ठेवायचा. मालकांकडून सगळे हेच शिकले होते. झटकायचे.

वहिनी खिडकीवर बोटे आपटायची.

"अहो, पंखा लावा आधी!"

"कण बसतो गं."

"बसू दे. पुन्हा मारा."

"पुन्हा मारून मारून थर जाड होतो. फट बुजते. तुला माहितीये सगळं, मुद्दाम कशाला वाद घालतेस?"

"रोटरवर कण बसला तर मला ऐकू येतो. तुमच्यात बसला तर कोण ऐकणार?"

मलईराव रुमालाआडून हसायचा. "मला कवचात घालून फिरवणार आहेस का?"

आधी त्याला खोकला आला. मग तो खोकला राहायलाच आला. मग जिना चढताना थांबणे आले. लोक म्हणाले, विडी सोड. त्याने विडी कधी तोंडाला लावली नव्हती. लोक म्हणाले, मग वय झाले. वय झालेले लोक असे बोलले, तेव्हा भूतसुद्धा चिडला. "वय झालंय तर तुम्ही कसे टुणटुणीत?" तो म्हणाला.

आता साहेब, तुमची पाळी.

तुम्ही येणार हे आधीच कळले होते. तुम्ही सांगूनच येता. त्या सकाळी भुताचे मशीन बंद ठेवले. माझी जाळी रॉकेलने पुसली. फिल्टरच्या जुन्या, दगड झालेल्या कापडावर एक नवे पांढरे कापड ताणून लावले. जुने काढले नाही, त्याच्यावरच लावले. मेलेल्याला नवा सदरा घालावा तसे. आणि तुम्हाला वाट मिळावी म्हणून बूथचे दार सताड उघडे ठेवले.

उघडे दार, साहेब! दारातून येणारी ती सगळी हवा मला मिळाली आणि मी कधी नव्हे इतका जोरात ओढू लागलो. माझे दुर्दैव बघा. आयुष्यात एकदाच मला कुणी तपासायला आले, आणि त्या दिवशी मी उत्तम होतो. तुमचा रुमाल चिकटला. तुम्हाला आनंद झाला. मालकांनी नारळाचे पाणी मागवले.

टेबलाशी वहिनी उभी राहिली. हातात टेप तशीच. "साहेब," ती म्हणाली, "जरा दार लावून बघा की."

तुम्ही तिच्याकडे वळलात. मी पाहिले आहे. तुम्ही ऐकले होते. पण मालक मध्येच म्हणाले, "बाई, ती बुचं मोजून ठेवा आधी," आणि तुम्ही वळलेली मान पुन्हा नारळाकडे वळवलीत. एवढेसे वळण. तेवढ्या वळणावर माणूस गेला.

जाता जाता तुम्ही मलईरावला विचारलेत, "काही त्रास?"

तो खोकला. खोकून झाल्यावर म्हणाला, "नाही साहेब."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तुम्ही गेल्यावर ती बूथमध्ये आली आणि दार लावून घेतले.

"नाही म्हणालात? तोंड फिरवून नाही म्हणालात?"

"मग काय सांगू? पंखा लावायला लावतील. कण बसला की पुन्हा खेप परत. मग मला ठेवतील का इथं?"

"फिल्टर बदलायला लावतील! पंखा नाही हो, फिल्टर! एवढंच तर बोलायचं होतं."

मलईरावने मान वर केली. त्याने डोक्यावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडाकडे पाहिले. "नवीनच आहे की आता," तो म्हणाला. त्याला माहीत होते. माणूस स्वतःशी खोटे बोलायला लागला की त्याचा आवाज फार प्रेमळ होतो.

पुढचे लवकर सांगतो, मित्रांनो, कारण ते लवकर झाले. फवारा मारताना हात न थांबता गेला पाहिजे. हात थांबला की तिथे जास्त पडते आणि ओघळ येतो. मलईरावचा हात मध्येच थांबू लागला. हात चांगला होता, दम संपत होता. एका रोटरवर खोबणीपासून कडेपर्यंत एक ओघळ उतरला, वाळला, भट्टीत पक्का झाला. वहिनीला कान लावायची गरज पडली नाही. तिने तो रोटर टेबलावर ठेवला आणि त्या ओघळावरून बोट फिरवत बसली. त्यानंतर मलईराव बूथमध्ये आला नाही.

घरचे मला दिसत नव्हते. वहिनी टेप लावता लावता भुताशी बोलायची, ते ऐकू यायचे.

"डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं आतून घट्ट झालीत. फुगतच नाहीत."

"थर बसला म्हणायचा," भूत म्हणाला आणि बोलल्यावर त्याने जीभ चावली.

"रात्री छातीला कान लावते मी. खट्ट वाजतं आत." टेप गुंडाळत ती म्हणाली, "आता घरात एक मशीन आणलंय. नाकात नळी. हवा ढकलतं आत."

भूत टेबलाकडे पाहू लागला. दोघांच्या मध्ये टेबलावर रोटरची जोडी पडलेली. इंजिनाला जास्तीचा श्वास देणारी.

"आणि त्या मशीनला मागं फिल्टर आहे एक. स्पंजचा. रोज सकाळी हे मला म्हणतात, आधी तो धू. मी धुते, वाळवते, तरी उजेडात धरून बघतात. एक कण दिसला तर परत धुवायला लावतात. म्हणतात, फिल्टर बुजला तर बिचारं मशीन काय करणार?"

मी भिंतीत होतो. मला त्या दिवशी कळले की तो माझ्याविषयीही बोलत होता.

वहिनीने वरपर्यंत तक्रार केली. तुम्ही पुन्हा आलात, साहेब. या वेळी नारळपाणी नव्हते. वहिनी म्हणाली, "हा आजार या खोलीतला आहे. तेवढं कबूल करा. ह्यांची चूक नव्हती एवढं म्हणा. बाकी मला काही नको." तिला तेवढेच हवे होते, मित्रांनो. तो माणूस घरी नाकात नळी घेऊन बसला होता आणि आपण आपल्याच मूर्खपणाने मरतो आहोत, असे मानत होता. ते ओझे तिला उतरवायचे होते.

मालकांनी तुम्हाला माझ्या बटणाकडे नेले. बटणावरचा रंग झिजून आतले पितळ चकाकत होते. "हे बघा साहेब, त्याच्या कोपराची खूण. स्वतःच बंद करायचा. आम्ही पंखा दिला होता, तुम्हीच पाहिलात. कुणी बंद करून बसला तर आम्ही काय करणार?"

तुम्ही वाकून ती खूण पाहिलीत. बारकाईने पाहिलीत. कापडाकडे पाहिले नाहीत, दाराकडे पाहिले नाहीत, खूण मात्र भिंग लावल्यासारखी पाहिलीत. मग म्हणालात, "चूक कामगाराची आहे." आणि सोबत एक सल्ला दिलात, "पंखा जुना दिसतोय. बदलून टाका."

वहिनीने घरी काय सांगितले ते तिने भुताला सांगितले. "मी सांगणारच नव्हते. पण त्यांनी तोंडाकडे बघूनच ओळखलं. म्हणाले, बरोबरच आहे साहेबांचं. बटण मीच बंद करायचो." तिने टेप कापली. त्या दिवशी टेपची कड वाकडी गेली. काही दिवसांनी मलईराव गेला. त्या दिवसापासून वहिनीचे टेबल रिकामे राहिले.

मला भिंतीतून काढले. माझ्या जागी नवा पंखा बसवला, चकचकीत, माझ्याहून मोठा. फिल्टर? तो तसाच. दगड झालेल्या कापडावर तुमच्यासाठी घातलेला तो सदरा, तोही आता काळा. ज्याने घाण आणली नव्हती त्याला भंगारात टाकले, आणि जिथून घाण आली ते जिथल्या तिथे राहिले.

परवा वहिनी आली होती. मलईरावचा डबा आणि त्याचा जुना सदरा खुंटीवर राहिले होते, ते न्यायला. परत जाताना ती मागच्या बाजूला आली. ताडपत्रीखाली मी दिसलो. ती खाली बसली, एका बोटाने तिने माझे पाते ढकलले आणि माझ्या चौकटीला कान लावला. रोटरला लावायची तसाच. मी फिरलो. अंगावर एवढा थर असूनही त्या म्हाताऱ्याच्या तोलण्याला जागून फिरलो. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"आवाज नाही," ती म्हणाली. "तुझ्यात खोट नव्हती."

तिने हे मला सांगितले की आणखी कुणाला, ते मला ठाऊक नाही. तिच्या मांडीवर तो सदरा होता.

तेवढ्यात आतून नव्या पंख्याचा आवाज थांबला. टक. आणि लगेच गनचा फुस्स आवाज सुरू झाला.

वहिनी ताडकन उठली. बूथच्या खिडकीपाशी गेली आणि तिने काचेवर बोटे आपटली. मला इथून सगळे ऐकू येत होते.

"कोण आहे आत? पंखा लाव! पंखा लाव आधी!"

फुस्स आवाज थांबला. आतून रुमालाआडचा आवाज आला. भुताचा. आता पुडीच्या खोलीत दुसरा माणूस होता, आणि भुताला बढती मिळाली होती.

"कण बसतो, वहिनी."

आत दोन वेळा खोकण्याचा आवाज झाला आणि मग गन पुन्हा सुरू झाली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही जण कारखान्यांत जातील, काही जण साहेब होऊन कारखाने तपासायला जातील. भिंतीत पंखा आहे का, असे विचारू नका. पंखा असतोच. काम चालू असताना तो चालतो का, ते विचारा. तो बंद ठेवलेला असला, तर बंद करणाऱ्या हाताकडे बोट दाखवायच्या आधी तो बंद करणे का भाग पडले, ते शोधा. आणि घरातला, शाळेतला, कुठलाही फिल्टर असो, तो धुवा. वेळेवर बदला. तो मुका असतो, बुजला तरी ओरडत नाही. ओरडायला मग माझ्यासारख्याला भंगारात यावे लागते.

आणि साहेब, तुम्ही उठू नका. माझे संपलेले नाही. भूत आत्ता आत आहे. पंखा बंद आहे, दार बंद आहे, तेच कापड डोक्यावर आहे. तुमचा रुमाल तुमच्या खिशात आहे. ती बाई तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली होती, दार लावून बघा. तुम्ही ऐकलेत. तुमची मान वळलेली मी पाहिली. दार तुमच्या हाताच्या अंतरावर होते.

का लावले नाहीत? सांगा.